मनीकरवी निरोप

दाभोळ, २ एप्रिल १९३६
वारा वायव्येचा, बेताचा.

आज ही माझ्याशी बोलली.

नऊ वर्षांनी. मी मागल्या दारी जाळ्याची भोकं सांधत बसलो होतो. आतून आवाज आला, "अवो, जेवायला वाढलंय. हात धुवा." मी आधी मागं वळून बघितलं, कोणी पावणा आलाय की काय म्हणून. कोणी नव्हतं. मनी चुलीपाशी झोपलेली.

मनीचं लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर ही वही उद्या कोणाच्या हाती लागली तर तो म्हणेल, तांडेल म्हातारपणी चळला. सत्तावीस सालापासून येसू माझ्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं झालं की मांजरीला सांगते. "मने, सांग त्यांना, मीठ संपलंय." "मने, विचार त्यांना, पेज वाढू का." नऊ वर्षांत तीन मांजरं झाली. तिघींचं नाव मनी. गाव हसायचं, लोकांसमोर मीही हसायचो.

आज मनी झोपली होती आणि निरोप थेट आला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

३ एप्रिल
वारा तोच.

सकाळी पेज देताना म्हणाली, "गार करून घ्या, जीभ भाजेल." डोळ्यांत पाणी आलं ते मी धुरावर ढकललं. मग भांडी घासता घासता तिनं विचारलं, "रघूची फत्तेमारी कधी लागायची बंदराला?"

मी पेज खाली ठेवली.

रघू आमचा एकुलता. चोवीस साली त्रिपुरी पुनवेला, चंडिकेच्या देवळात दिवे लागत होते तेव्हा, त्याची फत्तेमारी नारळ भरून मुंबईला निघाली. तिचा तांडेल मी होतो. मला हिवताप भरला, म्हणून माझ्या जागी तो चढला. चौथ्या दिवशी तुफान झालं. त्या बोटीवरचा एकही माणूस परत आला नाही. महिन्याभरानं केळशीच्या पुळणीवर सुकाणू लागलं. मी जाऊन ओळखलं. त्याच्यावरची लोखंडी पट्टी मी माझ्या हातानं ठोकलेली होती. मचव्यात घालून घरी आणलं आणि मागल्या भिंतीला टेकवलं. ते बघून येसू एवढंच म्हणाली, "सुकाणू म्हणजे माझा पोर नव्हे."

रीत अशी आहे की माणूस दर्यात नाहीसा झाला आणि प्रेत मिळालं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून, त्याला नारळाचं डोकं लावून अग्नी द्यायचा. मी तिसऱ्याच वर्षी दिला. घरात राही होती, रघूची बायको, एकोणीस वर्षांची. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, पण पुतळा जळल्याशिवाय ती विधवा तरी कशी व्हायची? पुतळा जळला. राहीचं कुंकू पुसलं. येसू उंबऱ्यात आडवी पडली नि म्हणाली, "बारा वर्षं व्हायच्या आत हिला न्यायला कोणी आला तर माझ्यावर पाय देऊन न्या." कोणी आलं नाही. त्या दिवसापासून ती मनीशी बोलते.

राहीसाठी केलं असं मी सगळ्यांना सांगतो. इथं खरं लिहितो. मला वाट बघवत नव्हती. रोज दिवेलागणीला ही बंदरावर जाऊन उभी राहायची आणि मी घरात बसून तिच्या परतीच्या पावलांचा आवाज ऐकायचो.

आता तिला यातलं काहीच आठवत नाही. हे आठवलं की पुन्हा मनी.

११ एप्रिल

राहीनं सांगितलं की सासूचं हे विसरणं आजचं नाही. शिमग्यापासून आत्याबाई सूप घेऊन विहिरीवर जातात, भातात दोनदा मीठ घालतात. मला दिसलं नाही. माझ्याकडे न बघणाऱ्या माणसाकडे मी तरी कशाला बघतोय.

आज तिनं राहीच्या कपाळाकडे बघितलं. "राही, कपाळ पांढरं का गो? माझा पोर जिता असताना?" राही सरळ पोर आहे, तिनं खरं ते सांगितलं. येसू खाली बसली आणि जशी चोवीस साली रडली तशीच रडली. तोच सूर, तेच शब्द. संध्याकाळी उठून तिनं तोंड धुतलं आणि विचारलं, "रघूला जेवायला ठेवू का?"

१४ एप्रिल

तीन दिवसांत तीन वेळा तिचा पोर मेला. आज तिसऱ्यांदा ऐकलं आणि ती धावत सुटली ती थेट खाडीत. कमरेएवढ्या पाण्यात गेली होती. ओहोटी लागलेली, पाणी खाडीच्या तोंडाकडे ओढत होतं. मी काठावर पोचलो. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस मी, गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसता ओरडत होतो.

लवूनं तिला काढलं. लवू वेलदूरच्या तरीवरचा, माणसं खाडीपार नेतो. होडी तशीच सोडून त्यानं उडी घातली. काठावर आणून ठेवल्यावर येसूनं त्याला विचारलं, "बाबा, तू कोणाचा?" तो म्हणाला, "हौसाचा लवू, काकी." ती म्हणाली, "भिजलास की रे."

 

१५ एप्रिल

आज मी राहीजवळ जे मागितलं ते कोणत्या सासऱ्यानं मागितलं नसेल. म्हटलं, "राही, कुंकू लाव. बांगड्या भर. ही विचारील तेव्हा सांग, रघू मुंबईला आहे."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मामंजी, पुसायला लावलंत ते तुम्ही. आता लाव म्हणताय तेपण तुम्हीच. माझं कपाळ काय शाळेतली पाटी हाय?"

 मग तीच म्हणाली, "लावते. त्यांच्यासाठी लावते. पण पुन्हा पुसायचं झालं तर मी नाय पुसू द्यायची. तेवढं ध्यानात ठेवा."

आत आरशापाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. डबीतलं कुंकू वाळून खडा झालं असेल, वेळ लागायचाच.

६ मे
उकाडा. वारा पडलेला.

गाव बोलतंय. पाणवठ्यावर एक बाई राहीला म्हणाली, "भुताच्या नावाचं लावतेस काय गो?" राही घागर भरून घरी आली, मला काही बोलली नाही. मला शेजारणीकडून कळलं.

दापोलीच्या डॉक्टरला दाखवलं. डोळे बघितले, नाडी बघितली, आजचा वार विचारला. येसूनं त्यालाच विचारलं, "तुम्हाला ठाऊक नाय होय?" तो हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, याला औषध नाही, सांभाळा. पाण्यापासून आणि विस्तवापासून.

खरं सांगतो, महिनाभर मी सुखात आहे. ही माझ्या पाठीला तेल लावते. "केवढे वाळलात" म्हणते. काल माझ्या ताटातला बांगड्याचा काटा स्वतः काढून दिला. मी चोरासारखा जेवतो. हे सगळं ज्या माणसासाठी आहे तो मी नव्हे, तो सत्तावीस सालाआधीचा भिकाजी. रोज सकाळी अंथरुणातच कान देतो, ही पहिली हाक कोणाला मारते, मला की मनीला. मला मारली की मग उठतो.

१९ जुलै
मुसळधार. खाडी बंद.

आज सकाळी हाक आलीच नाही. उठून बघतो तर ही कोपऱ्यात उभी, हातात कोयता. "कोण रे तू? घरात पुरुष माणूस नाय. जा, निघ." मी म्हटलं, "अगं, मी." ती म्हणाली, "मी कोण?"

राहीनं मागून येऊन हळूच कोयता काढून घेतला. दुपारी तीच येसू मला म्हणाली, "अवो, पाऊस बघा केवढा." मी हो म्हटलं. 

आजवर मला एकच भीती होती, हिला आठवेल. आज दुसरी लागली. दोन्ही घरात घेऊन बसलोय आणि बाहेर पाऊस.

२४ सप्टेंबर

यंदा धोंड्याचा महिना आला, त्यानं सगळे सण लांबले. दिवाळी आहे थेट नोव्हेंबरात. नारळी पुनव होऊन बोटी सुटल्या. येसू दोनदा बंदरावर जायला निघाली, दोन्ही वेळा राहीनं गोड बोलून वळवली.

राही हल्ली रोज दुपारी तरीवर जाते. ताजी मासळी मिळते म्हणते. आणते मात्र सुके बोंबील. बाजारहाट तिला कधीच जमला नाही.

४ ऑक्टोबर

हौसा आली होती, लवूची आई. सुपारी कातरत इकडचं तिकडचं बोलली आणि मग मुद्द्यावर आली. लवूची बायको तीन वर्षांमागं गेली. त्याच्या मनात राही आहे, आजची नव्हे, कधीची. म्हणाली, "तांडेल, पोरगी अठ्ठावीसची झाली. तुम्ही पुतळा जाळलात नि पुढं काय केलंत?"

काही केलं नाही. हेच तर सगळ्या गावाला माहीत आहे.

मग मला ते बोंबील आठवले. मी स्वतःला दर्याचा जाणता म्हणवतो.

मी म्हटलं, आताच उरकून टाकू, हिला काही कळणार नाही. हौसा सुपारी ठेवून म्हणाली, "तसं नको. येसूवहिनी आपल्या तोंडानं दे म्हणाली तर बोला. आईचा तळतळाट घेऊन माझ्या पोरानं होडी लोटायची नाय." आणि उठून गेली.

राहीला विचारलं. ती म्हणाली, "हौसामावशी बोलल्या ते खरं. आत्याबाईंच्या हातानं जाईन, नायतर नाय." नंतर बघितलं तर चुलीपाशी बसून पदरात तोंड घालून रडत होती. मी मागल्या मागं फिरलो.

म्हणजे आता त्या पोरीचं सगळं आयुष्य येसूच्या एका शब्दावर. आणि येसूला सकाळचं दुपारी आठवत नाही.

१२ ऑक्टोबर

आज देव पावला की कोपला, मला कळत नाही.

राही हिचे केस विंचरत होती. ही एकदम म्हणाली, "अवो, पोर केवढी झाली बघा. घरात ठेवून ठेवून किती ठेवाल? स्थळ बघा हिला." राहीच्या हातातली फणी तशीच राहिली. येसूला ती लेक वाटत होती. आम्हाला लेक कधी झालीच नाही.

मी धीर करून म्हटलं, "हौसाचा लवू आहे." ही म्हणाली, "तो भिजला होता तो? चांगला हाय."

मला नाचावंसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी तिच्या मनाविरुद्ध तिचा पोर जाळला. आता तिला न कळता तिची सून उचलून देतोय. दुसऱ्यांदा तीच चोरी. आणि ऐन वेळी, ओटी भरताना, हिला आठवलं तर? माणसांदेखत ही राहीला शाप देईल, मग ती पोर कुठली जाते. जन्मभर त्या चुलीपाशी बसेल.

५ नोव्हेंबर

मी म्हटलं, दिवाळी झाली की लगेच उरकू. हिचा काय भरवसा, आज आहे ते मन उद्या असेल नसेल. तर ही म्हणाली, "त्रिपुरी होऊ दे. मग."

उद्या विसरेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. "त्रिपुरी होऊ दे." चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच उत्तर, तेही चुलीकडे तोंड करून. जेवली की नाही ते आठवत नाही आणि हा एक हट्ट बरा आठवतो. कुठला तरी सण डोक्यात अडकलाय झालं.

हौसा म्हणाली थांबू. मी दिवस मोजतोय.

१५ नोव्हेंबर

आज मेलो होतो.

मागल्या दारी गेलो तर ही सुकाणूपुढं उभी. बारा वर्षांत तिनं त्याला हात लावला नव्हता. आज लोखंडी पट्टीवरून बोट फिरवत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी खांबाआड उभा राहिलो. म्हटलं संपलं, आठवलं हिला.

न वळताच म्हणाली, "ही पट्टी तुम्ही ठोकलीत ना?"

मी "व्हय" म्हटलं. 

"चांगली बसलेय अजून." मग खांद्यावरचं ओलं लुगडं सुकाणूवर पसरून ती आत गेली.  वाळत घालायला काहीतरी हवं होतं तिला, एवढंच.

२८ नोव्हेंबर, त्रिपुरी
वारा उत्तरेचा, निर्मळ.

सकाळपासून ही गप्प आहे. मला हाक नाही, मनीलाही नाही. राहीच्या तोंडावर रंग नव्हता.

दिवेलागणीला चंडिकेच्या देवळात दिवे लागले. मी हिला म्हटलं, चल देवळात. आली नाही. मागल्या दारी जाऊन तिनं सुकाणूच्या पायाशी पणती लावली. त्याला तुळशीचा कट्टा समजली असेल. वारा होता, म्हणून पणतीभोवती दोन्ही हात धरून बसली, तेल संपेपर्यंत. मी दारात उभा होतो. जवळ जायची माझी छाती झाली नाही.

२९ नोव्हेंबर

पाट लागला.

आमच्यात वाजंत्री नसते, चार माणसं आणि संध्याकाळ. हौसा, लवू, भटजी, आम्ही. माझा जीव सगळा हिच्या तोंडाकडे. हिनं नवं लुगडं नेसलं होतं. ओटी भरायला उठली तेव्हा नारळ हातात घेऊन थांबली. एवढी थांबली की हौसानं माझ्याकडे बघितलं. मला दुसरा नारळ आठवला, पुतळ्याच्या डोक्याचा. तिलाही तोच आठवतोय असं वाटलं.

मग तिनं नारळ राहीच्या ओटीत घातला, तांदूळ घातले, आणि तिच्या कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं. मी जवळजवळ ओरडलोच. राही हलली नाही. "पुन्हा पुसू द्यायची नाय" म्हणालेली पोर, पण उभी राहिली. येसूनं करंड्यात बोट बुडवून नवं कुंकू लावलं, ठसठशीत. म्हणाली, "इथं आता माहेर म्हणून यायचं."

लवू पाया पडला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ही म्हणाली, "पाण्यात जाशील तेव्हा हिला सांगून जायचं. आणि परत यायचं." लवू म्हणाला, "येईन, काकी."

शेवटपर्यंत तिला राही लेकच वाटली. सुटलो. होडी वेलदूरला लागेपर्यंत ही काठावर उभी होती. परतताना मी हात धरायला गेलो तर पदर आवरून ती पुढं चालू लागली.

३० नोव्हेंबर
वारा उत्तरेचा.

अंथरुणात पडून कान देत होतो. घरात राही नाही, त्यामुळे चुलीवरच्या पाण्याचाही आवाज येत होता. बराच वेळ काही नाही. मग हाक आली.

"मने."

मी उठून बसलो.

"मने, सांग त्यांना. परवा बारा वर्षं पुरी झाली. पुतळा परवा जळायचा होता. तो त्यांनी जाळला, पण सूनबाईला मी पाठवली. माझ्या हातानं, दिवस भरल्यावर. हे त्यांना नीट सांग."

मी दारात गेलो. ती चुलीपुढं बसली होती, माझ्याकडे पाठ. मनी तिच्यापुढं बसून पंजा चाटत होती. मी म्हटलं, "येसू." जन्मात पहिल्यांदा तोंडानं नाव घेतलं. पाठ हलली नाही.

मग म्हणाली, "मने, सांग त्यांना, पेज निवतेय."

मी बसलो, जेवलो. काल ओटी भरताना तिला काय काय ठाऊक होतं, कधीपासून ठाऊक होतं, हे तिला विचारायचं होतं. पण मनीकरवी एवढं कसं विचारणार? विचारलं नाही. पेजेत मीठ बरोबर होतं.

आठ महिने मी रोज देवाला सांगत होतो, हिला आठवू देऊ नकोस. आज तिला सगळं आठवतंय. मी कोण ते आठवतंय, मी काय केलं तेही. आणि भीती गेलेली नाही, नुसती पालथी झालीय. उद्या सकाळी ही मला गोड हाक मारील, "अवो, हात धुवा" म्हणेल, याचीच मला आता धास्ती आहे.

संध्याकाळी मनीला वाटीभर दूध घातलं. मागलं पुढलं दोन्ही दारं लावून घेतली, ती कुठं जाऊ नये म्हणून.